फिरतें, पण तापत नाहीं

मराठी घरांत कपडे ‘वाळविले’ असें सहसा कोणी म्हणत नाहीं. ‘वाळत घातले’ असें म्हणतात. भेद लहान दिसतो, परंतु त्यांत एका संबंध प्रदेशाचें हवामान सांठलेलें आहे. वाळविणें हें माणसाचें कर्तृत्व. वाळत घालणें म्हणजे ओलें वस्त्र दोरीपर्यंत पोंचवून पुढील कारभार सूर्यनारायणाच्या हवालीं करणें. देशावर चैत्र-वैशाखांत ही व्यवस्था इतकी चोख चालते कीं, सकाळीं नऊ वाजतां दांडीवर टाकलेलें धोतर अकराच्या आंत कडकडीत होऊन हातीं येतें. कोंकणांत मात्र आषाढ लागला कीं सूर्यनारायण रजेवर जातात. कपडे तीन-तीन दिवस पडवींत लोंबतात, त्यांना कुबट वास सुटतो, आणि घरांत तान्हें मूल असलें तर शेगडींत निखारे घालून, वर बांबूची टोपली पालथी टाकून, तिच्यावर लंगोट-दुपटीं पसरण्याची पाळी पूर्वीं घरोघर येत असे. हें काम घरांतील वडील बाईकडे असे, आणि त्यास तसेंच कारण होतें. निखारे फार झाले तर दुपटें करपतें. कमी पडले तर दमट राहतें. टोपली दाट विणीची असली तर वाफ आंतच कोंडून सारा खटाटोप फुकट जातो. शिवाय कपडे पसरून ती बाई तेथून उठून जात नसे. तिचा हात मधूनमधून कापडाखालीं जाई, आणि तो हात सांगेल त्याप्रमाणें निखाऱ्यांवर राख सारली जाई.

उष्णता, खेळती हवा, वाफेला बाहेर पडावयास वाट, आणि कोणाचें तरी लक्ष, एवढ्या सामग्रीवर जगांतील यच्चयावत् ओले कपडे वाळतात. अमेरिकेंतील बहुतेक घरांत कपडे वाळविण्याचें जें यंत्र असतें, तें म्हणजे हीच सामग्री पत्र्याच्या पेटींत बसविलेली आहे. भाषाशुद्धीचे अभिमानी त्यास ‘वस्त्रशोषणयंत्र’ म्हणोत. न्यू जर्सींत, जेथें गेलीं कांहीं वर्षें आमचें बिऱ्हाड आहे, तेथील मराठी मंडळी त्यास ड्रायरच म्हणतात, आणि आम्हीही तेंच म्हणूं. जानेवारींत बाहेर दोरीवर टाकलेला ओला सदरा थोड्याच वेळांत गोठून पापडासारखा ताठ उभा राहतो, असा तेथील हिवाळा. तेव्हां या यंत्राचा शोध थंडीच्या मुलुखांत लागला, यांत नवल नाहीं. जॉर्ज सॅम्प्सन या आफ्रिकन वंशाच्या अमेरिकन संशोधकानें १८९२ सालीं शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळविण्याच्या चौकटीचें पेटंट घेतलें. ती आमच्या टोपलीचीच सख्खी बहीण म्हणावयाची. पुढें उत्तर डाकोटांतील जे. रॉस मूर यांनीं फिरत्या पिंपाचें यंत्र सिद्ध केलें, आणि विस्कॉन्सिनमधील एका कारखान्यानें तें १९३८ च्या सुमारास ‘जून डे’, म्हणजे जूनमधला दिवस, या नांवानें बाजारांत आणलें. उत्तर डाकोटांतील माणसाला सुखाच्या उन्हाची कल्पना करावयाची तर ती जून महिन्याचीच सुचणार! हें नांव वाचून राजापूरच्या माणसानें काय म्हणावें, तें वाचकांनींच ठरवावें.

असो. आमच्या घरचा ‘जूनमधला दिवस’ गेल्या हिवाळ्यांत एकाएकीं थंड पडला. या रोगाची मौज अशी कीं, तो प्रथमदर्शनीं रोग वाटतच नाहीं. बटण दाबलें कीं दिवा लागतो, पिंप फिरूं लागतें, सदऱ्याच्या गुंड्या पत्र्यावर टिकटिक वाजतात, आणि तीन घटकांनीं शेवटची घंटाही इमानें होते. यंत्र बंद पडलें तर माणूस निदान त्याच्याकडे वळून पाहतो. जें यंत्र आपल्या सर्व हालचाली यथासांग पार पाडून केवळ मुख्य काम तेवढें करीत नाहीं, त्याचा संशय कोणास येणार? घरांतील मंडळींनीं कपडे दोनदां परत आंत टाकले, कारण ‘आज जरा जास्त भरले असतील’ हें स्पष्टीकरण प्रत्येकाला पटण्याजोगें होतें. तिसऱ्या खेपेस आमच्या सौभाग्यवतींनीं फिरतें यंत्र थांबवून आंत हात घातला, आणि पेटी गार लागली.

त्या वेळीं आमच्या आत्याबाई आमच्याकडे मुक्कामास होत्या. त्या मूळच्या राजापूरकडच्या, आतां पुण्यास राहणाऱ्या. आमच्या लहानपणचीं दुपटीं त्यांच्याच हातचीं शेकलेलीं. त्यांना हा सर्व गलबला कांहींच समजेना. “अरे, पण फिरतो आहे ना तो?” त्या म्हणाल्या. “पुण्याचा आमचा ड्रायर दहा वर्षांत एकदांही तापलेला नाहीं, आणि आमची कधीं तक्रार नाहीं!” या बोलण्यावर मुलें हंसलीं, पण आत्याबाईंचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आपल्याकडे दोन कप्प्यांच्या धुलाईयंत्रांतील ज्या दुसऱ्या कप्प्यास ड्रायर म्हणतात, तो कपडे केवळ गरगर फिरवून पिळतो. वाळवावयाचें काम गॅलरींतल्या उन्हाकडेच राहतें. एकच नांव, दोन देशांत दोन निरनिराळ्या कामांना. पिळल्यानें जें पाणी पाण्याच्याच रूपानें निघून जाण्यासारखें असतें तेवढें जातें. धाग्याधाग्यांत जें दडून बसतें त्याची वाफ केल्यावांचून तें हलत नाहीं. एक लिटर पाण्याची वाफ करावयास सुमारें दोन तृतीयांश युनिट वीज खर्ची पडते, आणि पिळून काढलेल्या मोठ्या घाण्यांतही दोन-तीन लिटर पाणी सहज उरलेलें असतें. पिंप फिरविणाऱ्या मोटारीस सुमारें अडीचशें वॉट पुरतात. हवा तापविणारें वेटोळें मात्र पांच हजारांच्या आसपास ओढतें. म्हणजे आपल्याला जें दिसतें आणि ऐकूं येतें तो या यंत्राचा विसावा हिस्सा. उरलेलें सर्व काम न दिसतां, न वाजतां चालतें. तें थांबलें तरी डोळ्यांना आणि कानांना पत्ता लागत नाहीं, हें त्यामुळेंच.

अशा वेळीं सल्ला देणारांची वाण पडत नाहीं. कोणी म्हणालें, वेटोळें जळलें. कोणी म्हणालें, दहा वर्षांचें यंत्र, आतां नवें घ्या. दुरुस्तीच्या दुकानांतील माणसानें तर दूरध्वनीवरच यंत्राचें आयुष्य संपल्याचा दाखला दिला. न पाहतां मृत्यूचा दाखला देणारा वैद्य आम्हीं तोंपर्यंत पाहिला नव्हता. आमचा स्वतःचा शिरस्ता असा कीं, कोणत्याही वस्तूचें पोट फाडण्यापूर्वीं तिच्या दाराशीं काय येतें तें पाहावें. म्हणून प्रथम कळ कोठें आहे तें पाहिलें. या यंत्रांवर नुसती गार हवा खेळविण्याचीही एक खूण असते, आणि मुलांच्या हातून कळ तेथें सरकणें अशक्य नसतें. ती जागच्या जागीं होती. मग वीज.

अमेरिकेंतील घरगुती विजेची एक गंमत आहे, जी भारतांतून आलेल्या माणसास सहसा सुचत नाहीं. घरांत दोन जिवंत तारा येतात. प्रत्येकीचा दाब मधल्या तटस्थ तारेच्या मानानें १२० व्होल्ट. परंतु रहाटाच्या दोन घागरींप्रमाणें एक वर जाते तेव्हां दुसरी खालीं उतरते, त्यामुळें त्या दोघींमधील अंतर २४० भरतें. दिवे, पंखे आणि ड्रायरची मोटार एकाच तारेवर चालतात. वेटोळ्यास मात्र दोन्ही लागतात. आतां यांतली एखादीच तार कोठें खंडली, फ्यूजची जुनी पेटी असून दोहोंपैकीं एकच फ्यूज उडाला, किंवा जोडखटक्याचा एक भाग आंतून सुटला, तर काय होईल? मोटारीच्या वांट्याची तार शाबूत असली तर पिंप पूर्ववत् फिरेल, दिवा लागेल, घंटाही होईल, पण ऊब येणार नाहीं. पुण्यामुंबईच्या घरांत वीज असते किंवा नसते. तारांच्या हिशेबानें ती अर्धी येत नाहीं. येथें ती अर्धी येऊं शकते. कित्येक यंत्रें केवळ एवढ्या कारणासाठीं उघडलीं जातात आणि निष्कारण बदललींही जातात, तेव्हां पेटींतील ड्रायरचा खटका एकवार पुरता बंद करून पुन्हां चालू करणें हा पहिला उपचार. त्यास पैसाही पडत नाहीं. आमच्या घरीं एका जाणत्या वीजकामगारानें भिंतींतील जोडणीशीं मीटर लावून पाहिला. पुरते २४० मिळाले. वीज निर्दोष ठरली. (ज्यांचा ड्रायर गॅसवर चालतो त्यांचें प्रकरण निराळें. त्यांत ठिणगीच्या जागीं तापून लाल होणारी एक कांडी असते. ती लाल होऊन ज्योत न लागतांच विझत असेल तर दोष बहुधा गॅसची झडप उघडणाऱ्या गुंडाळ्यांत. मुळीं लालच होत नसेल तर बहुधा कांडींत.)

आतां पेटी उघडणें प्राप्त झालें. भिंतींतून वायर उपटून काढल्यावांचून या कामास हात लावूं नये, हें सांगणें नको. मागचा पत्रा काढल्यावर तापवावयाची पेटी दिसते. तींत मिश्रधातूच्या तारेचें वेटोळें, आणि तिच्या अंगास बाहेरून रुपयाएवढ्या दोन चकत्या बसविलेल्या. वेटोळें शाबूत असेल तर मीटर सुमारें दहा ओहम दाखवितो. तुटलें असेल तर कांहींच दाखवीत नाहीं. आमचें शाबूत होतें. तें लोंबून पेटीच्या पत्र्यास कोठें टेकलेलेंही नव्हतें. दोन चकत्यांपैकीं पहिली, ठराविक उष्णता झाली कीं वीज तोडणारी आणि गार झालें कीं पुन्हां जोडणारी, तीही बोलली. दुसरीशीं मीटर लावला तो मुका राहिला.

ही दुसरी चकती मोठी एकमार्गी. तिच्या वांट्यास आयुष्यांत एकच काम येतें. पहिलीला न जुमानतां पेटी भलतीच तापली तर ही आपला जीव देऊन वीज कायमची तोडते. गार झाल्यावर ती पुन्हां जोडली जात नाहीं. किंमत वीस-पंचवीस डॉलर. टोपलीजवळ बसलेल्या वडील बाईचें लक्ष कारखानदारांनीं या दोन चकत्यांत आणून ठेवलें आहे. पहिली निखाऱ्यांवर राख सारते. दुसरी, सर्व उपाय हरले कीं, शेगडीवर घागर ओतते.

चकती मागविली तर तीन दिवस लागणार होते. हें ऐकून आमचे एक स्नेही, मूळचे सांगलीकडचे आणि शिक्षणानें एंजिनियर, मोठ्या उमेदीनें पुढें सरसावले. “अहो, त्या चकतीला काय अर्थ आहे? दोन टोकें एकत्र पिळा, वर पट्टी गुंडाळा. पांच मिनिटांत कपडे वाळायला लागतात कीं नाहीं पाहा. गांवीं आमच्या पंपाला फ्यूजच्या जागीं जाड तार घालून वीस वर्षें ऊंस भिजविला!” या सल्ल्यांत चातुर्य होतें, आणि तो चाललाही असता, तीच त्यांतील वाईट गोष्ट. आपल्या लोकांच्या या हुन्नराचा आम्हांस अभिमान आहे. अडल्या वेळीं तारेच्या तुकड्यावर त्यांनीं गाड्या चालविल्या, पिकें तारलीं. पण विहिरीवरचा पंप जळला तर पंप जळतो. न्यू जर्सींतील आमचें घर तेथील बहुतेक घरांप्रमाणें लांकडी सांगाड्याचें, आणि धुण्याच्या खोलीवर मुलांची निजण्याची खोली आहे.

सौभाग्यवती औषधांच्या कारखान्यांत तपासणीचें काम करतात. निकाल वाईट आला म्हणून काटा मोडावयाचा नाहीं, हा त्यांचा रोजचा धडा. त्या म्हणाल्या, “भावजी, ती चकती स्वतः बिघडली असेल तर तुमचें बरोबर. पण ती बिघडलीच नसेल तर?” स्नेह्यांनीं क्षणभर विचार केला, आणि बाह्या वर सारून यंत्र भिंतीपासून पुढें ओढूं लागले. त्यांच्या मोठेपणाची ही खूण आम्हीं मुद्दाम नमूद करीत आहों; कारण आपला सल्ला मागें पडल्यावर कामाला राहणारे सल्लागार थोडेच.

यंत्राच्या मागें, पूर्वींच्या मालकाच्या वेळेपासून भिंतींत गेलेली पन्नीची लवचीक नळी होती. यंत्र भिंतीस टेकवितांना ती अशी चेंगरली होती कीं, चार इंच व्यासाच्या वाटेची दोन बोटांची फट उरली. तेथून पुढें ती दोन वळणें घेऊन बाहेरच्या भिंतीवरील झडपेपर्यंत जात होती, आणि तिच्या वळ्यावळ्यांत कपड्यांची झडलेली लव दाबून बसली होती. दारांतील जाळी आमच्या घरीं दर घाण्याला साफ होते. पण जाळींतून निसटणारें सूक्ष्म तंतु वर्षानुवर्षें नळींत जमत राहतात, आणि ओल्या वाफेनें त्यांची वाकळ होते. स्नेह्यांनीं हात घालून ती ओढली तशी ती करड्या रंगाची, मऊ, हातभर लांब, एखाद्या मेलेल्या जनावरासारखी बाहेर आली. आत्याबाईंनीं चिमूटभर घेऊन बोटांत चोळली आणि म्हणाल्या, “हे तर आपले कपडेच रे!” खरेंच होतें तें. उन्हानें कपड्याचा रंग उडतो; हें यंत्र कपड्यालाच थोडाथोडा पिंजून बाहेर टाकतें. आमचे पंचे, मुलांचे सदरे, चादरी, सर्वांचा थोडथोडा अंश त्या वाकळींत होता.

तीच लव चुलीजवळ नेली असतां कापसासारखी भडकते. वाफेची वाट बंद झाली, तापलेली हवा पेटींतच घोटाळली, पहिली चकती तोडतां-जोडतां थकली, आणि दुसरीनें आपलें एकुलतें एक काम केलें. यंत्राच्या कुंडलीचा उलगडा इतकाच. अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन विभागाच्या हिशेबाप्रमाणें २००८ ते २०१० या काळांत घरांतील ड्रायरमुळें वर्षास सुमारें २,९०० आगी लागल्या, आणि त्यांच्या कारणांत साफसफाई न होणें हें अग्रभागीं, शेंकडा ३४, होतें. त्या सर्वाधिक जानेवारींत लागल्या. या हिशेबांत न पोंचलेल्या घरांची गणती कोठें होत नाहीं. जेथें केवळ ‘यंत्र तापेना’ म्हणून सकाळीं कुरकुर झाली, तीं घरें कोणाच्या वहींत असणार? स्नेह्यांच्या हातीं तारेचा तुकडा होता त्या पांच मिनिटांत आमचें घर कोणत्या वहीकडे जावयाचें तें ठरत होतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

नवी नळी घालावयाची ती गुळगुळीत धातूची, कडक, आणि होईल तितकी आंखूड. तेथील घरबांधणीच्या नमुना नियमांत तिची लांबी ३५ फुटांपर्यंत धरतात, आणि प्रत्येक साध्या काटकोनी वळणाबद्दल त्यांतून ५ फूट वजा करतात. म्हणजे वळण हें अंतरच समजावयाचें. सांधे जोडतांना स्क्रूचीं टोकें आंत डोकावूं देऊं नयेत, कारण लव प्रथम तेथेंच अडकते. चकती बदलतांना पहिलीही सोबत बदलणें शहाणपणाचें. बहुधा ती दोन्ही जोडीनेंच विकतात. आणि नळी न पाहतां नुसती चकती बदलली तर कांहीं दिवसांनीं तीही जीव देते, मग माणूस कारखानदारास दोष देत बसतो.

ते तीन दिवस मजेचे गेले. तळघरांत आत्याबाईंनीं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणविल्या, आणि मुलांना आपलें घर एकदम गिरगांवांतील चाळीसारखें दिसूं लागलें. अंगणांत दोरी बांधण्यास आमच्या वसाहतीच्या कमिटीची बंदी आहे. वाळत घातलेल्या कपड्यांनीं घरांच्या किंमती उतरतात, असा तेथील समज. उन्हाळ्यांत डोक्यावर फुकटचें ऊन तळपत असतांही मंडळी आंत पांच हजार वॉट जाळीत बसतात, हें आत्याबाईंना सांगूनही खरें वाटेना. या समजाविरुद्ध अमेरिकेंतच चळवळ झाली आहे. फ्लोरिडा, कोलोरॅडो, मेन, व्हर्माँट अशा कांहीं राज्यांनीं दोरीवर कपडे वाळत घालण्यास आडकाठी करूं नये असे कायदेही केले आहेत. दोरीच्या हक्कासाठीं कायदा करावा लागतो, हें राजापुरास कळवावें कीं नाहीं, याचा आत्याबाईंनीं बराच वेळ विचार केला.

चौथ्या दिवशीं चकत्या बसल्या, नवी नळी बसली, आणि दीड तास घेणारा घाणा चाळीस मिनिटांत वाळून निघाला. तेव्हां कोठें ध्यानांत आलें कीं, पूर्वींचा दीड तास हाच रोगाचा आरंभ होता. त्या वाढत्या वेळाला पूर्वींचे मालक ‘यंत्र जुनें झालें’ म्हणत, आणि यंत्र विकतां-विकतां तेंच वाक्य त्यांनीं आम्हांसही दिलें होतें. आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं धाकटा मुलगा बाहेर जाऊन, यंत्र चालू असतां भिंतीवरची झडप उघडते कीं नाहीं आणि गरम वारा हातास लागतो कीं नाहीं, तें पाहून येतो. स्नेही आले म्हणजे तेही कोट न काढतां आधीं तिकडे एक फेरी मारतात. आत्याबाई फाल्गुनांत पुण्यास परतल्या. तोंपर्यंत मुलांचे कपडे त्या स्वतः मोठ्या उत्साहानें त्या यंत्रांत घालीत आणि घंटा होईपर्यंत स्टूल घेऊन शेजारीं बसत. त्यांचें लुगडें मात्र अखेरपर्यंत जिन्याच्या कठड्यावरच वाळत असे.